करावा लागणारा व्यायाम आणि करायला मिळणारा व्यायाम

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. गृहपाठाची वही घरी विसरले म्हणून मैदानाला चार फेऱ्या मारण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या फेरीतच उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. तोंडाला लोखंडासारखी चव आली, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज घुमायला लागला. वर्गाच्या खिडक्या मैदानाकडेच उघडत होत्या. आत शिकवणं चालू होतं, तरी माझ्याकडे वळलेली डोकी मला दिसत होती. तिसऱ्या फेरीला मी चालायला लागले, तशी शिट्टी वाजली. ‘पळायचं. चालायचं नाही.’ चौथी फेरी कशीबशी संपली आणि तिच्याबरोबर माझं पळणंही संपलं.

त्याआधी मी भरपूर पळत असे. पकडापकडीत, लपाछपीत, पावसाची सर आली की आडोशाला, आणि पुष्कळदा उगीचच. त्या फेऱ्या कोणी मोजल्या नव्हत्या. त्या दुपारनंतर मात्र पळणं म्हणजे चूक केल्यावर करायची गोष्ट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढची पंचवीस वर्षं मी पळाले नाही. शाळेवर राग धरण्यात आता अर्थ नाही. ज्यांनी शिट्टी वाजवली त्यांनाही लहानपणी बहुधा असंच पळवलं गेलं असणार. पण पुढे ज्यांच्या ज्यांच्याशी हा विषय निघाला, त्यांतल्या कितीतरी जणांकडे अशीच एखादी दुपार निघाली, म्हणून हे लिहायला बसले.

आपण व्यायामाबद्दल कसं बोलतो ते जरा कान देऊन ऐका. व्यायाम ‘करावा लागतो’. व्यायाम ‘करायलाच हवा’. आज व्यायाम ‘बुडाला’. बुडतो तो क्लास, बुडते ती शाळा, बुडतं ते कर्ज. त्याच रांगेत आपण व्यायामाला उभं केलंय. उलट खेळायला ‘मिळतं’, फिरायला ‘जायचं असतं’, आणि ‘पोहायला कधी नेणार?’ म्हणून मूल आईचा पदर सोडत नाही. स्नायू तेच, श्वास तोच, घामही तोच. फक्त क्रियापद बदललं की सगळं बदलतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘लागतं’कडून ‘मिळतं’कडे जाणं ही कोणाची वैयक्तिक हौस नाही, सार्वजनिक आरोग्याचा तो कळीचा प्रश्न आहे. व्यायामाचा फायदा साठवून ठेवता येत नाही. सोडला की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो ओसरायला लागतो. म्हणजे जो व्यायाम आयुष्यभर टिकतो तोच कामाचा. आणि जे आवडत नाही ते माणूस आयुष्यभर करत नाही. इतकी साधी गोष्ट असूनही शाळा, दवाखाने, जिम आणि मनगटावरची घड्याळं, सगळ्यांनी आवडीला शेवटच्या बाकावर बसवलंय. आधी घाम गाळा, गोडी मागून लागेल. ज्यांना गोडी लागते ते दिसत राहतात. ज्यांना लागत नाही ते गुपचूप निघून जातात, आणि त्यांची मोजदाद कोणीच ठेवत नाही.

ट्रेडमिलचं मूळ या संदर्भात माहीत असायला हवं. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने तुरुंगासाठी पायऱ्यांचं एक लांबलचक फिरतं चाक बनवलं. कैद्यांनी वरच्या दांडीला धरून त्या पायऱ्या चढत राहायच्या. चाक फिरत राहतं, माणूस आहे तिथेच राहतो. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळलं जाई, पाणी उपसलं जाई. काही ठिकाणी त्या चाकाला काहीच जोडलेलं नसे. शेजारच्या कैद्याशी बोलता येऊ नये म्हणून मध्ये फळ्या ठोकलेल्या असत. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डलाही या चाकावर चढवलं होतं. शेवटी १८९८ च्या तुरुंग कायद्याने ही शिक्षा मोडीत काढली. आजचं ट्रेडमिल त्या चाकाचं थेट वंशज नाही, नाव तेवढं राहिलं. पण मला वाटतं ते चाक आपल्याला एक नेमकी गोष्ट शिकवतं. पायऱ्या चढणं यात मुळात जाच काहीच नाही. डोंगर चढायला माणसं हौसेने जातात. जाच होता तो वेग दुसऱ्याने ठरवण्यात, थांबायची मुभा नसण्यात, शेजाऱ्याशी बोलता न येण्यात, आणि एवढं चढून कुठेच न पोचण्यात. सहावीतल्या माझ्या चार फेऱ्यांना यातलं सगळंच लागू होतं. आणि आज कित्येक जणांच्या व्यायामाला यातलं निम्मं तरी लागू होतं, फरक एवढाच की शिक्षा त्यांनी स्वतःच स्वतःला सुनावलेली असते.

हालचालीचं महत्त्व विज्ञानाला कळलं तेही व्यायाम न करणाऱ्या माणसांकडून. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिन्याने वरखाली करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण स्पष्टपणे कमी निघालं. कामावर असताना त्यांच्यातला एकही जण ‘व्यायाम’ करत नव्हता. तो तिकिटं फाडत होता, उतारूंशी बोलत होता, आणि ते करता करता शेकडो पायऱ्या चढून जात होता. (मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले, हे जाता जाता सांगायला मला आवडतं.) पुढे कामं खुर्चीत आली, जिन्याशेजारी लिफ्ट आली, आणि जी हालचाल दिवसात विरघळलेली होती ती वेगळी काढून औषधासारखी घ्यायची वेळ आली. औषध म्हटलं की डोस आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगल्या दमाची हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं.

या शिफारशीत मला काही चूक दिसत नाही. उलट तिच्यात एक मोलाचा बदल झाला, तो फारसा लोकांपर्यंत पोचलाच नाही. पूर्वी सलग दहा मिनिटं चाललात तरच ती हालचाल धरली जायची. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. दोन मिनिटं जिना चढलात तर ती दोन मिनिटंही खात्यावर जमा.

पण डोस सांगून भागलं असतं तर प्रश्नच उरला नसता. २०२२ साली जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास १८० कोटी माणसं, या किमान मर्यादेच्या खाली होती. ११ ते १७ वयाच्या मुलांचं चित्र तर छातीत धस्स करणारं आहे. २०१६ च्या आकडेवारीनुसार त्यांतली ८१ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. पाच वर्षांच्या मुलाला एका जागी बसवणं किती कठीण असतं, ते घरात मूल असलेल्या कोणालाही विचारा. तेच मूल दहा वर्षांत हलेनासं होतं. याचा दोष एकट्या फोनवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. मैदानं गेली, रस्त्यावर वाहनं वाढली, अभ्यास वाढला, हे सगळं खरं. पण मधल्या काळात आपण त्या मुलाला हालचालीबद्दल काय शिकवलं, हेही विचारायला हवं. खेळायला संघ पाडताना शेवटी कोण उरतं, ते सगळ्यांसमोर दाखवलं. स्पर्धेत पहिल्या तिघांना बक्षीस देऊन बाकीच्यांना हे तुमचं काम नाही, असं न बोलता सांगितलं. मुलगी वयात आली की तिच्या कपड्यांवर आणि पळण्यावर डोळे रोखले. पंधराव्या वर्षी तिने मैदानाकडे पाठ फिरवली, तर तिला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आळस हा शब्दच या चर्चेतून काही काळ बाजूला ठेवावा, असं मला वाटतं. मानवी उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लीबरमन यांची मांडणी अशी आहे की गरज नसताना अंग न शिणवणं ही माणसाची उपजत वृत्ती आहे, कारण लाखो वर्षं अन्न तुटपुंजं होतं आणि शक्ती वाया घालवणं परवडणारं नव्हतं. माणूस हलला तो दोन कारणांनी: पोटासाठी, नाहीतर मजेसाठी. शिकार, कंदमुळं, पाणी, आणि मग नाच, खेळ, सोबत. गरज यंत्रांनी नेली. उरली ती मजा. आणि नेमकी तीच काढून टाकून आपण तिथे धाक बसवला.

आता मजा म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगते, कारण इथे मोठा गैरसमज आहे. मजा म्हणजे संगीत लावून उड्या मारणं, असं नाही. शरीराला एक मर्यादा असते. तिच्या खाली आपण हलत असतो तेव्हा श्वास वाढतो, पण बोलता येतं. मर्यादा ओलांडली की श्वास पुरेनासा होतो, वाक्य तुटायला लागतं, पायांत जळजळ होते. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पँटेलीमॉन एक्केकाकिस यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. व्यायाम चालू असताना माणसाला कसं वाटतं, हे संपल्यावर न विचारता त्या त्या मिनिटाला विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्यातून दिसलं ते असं: मर्यादेच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं, आणि ती ओलांडली की जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटायला लागतं. मनाचा खंबीरपणा वगैरे त्यानंतर येतो. आधी शरीर बोलतं.

पण ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी, आणि सवय नसलेल्या माणसाची ती फार खाली असते. ट्रेनरला जे ‘जरा भरभर चालणं’ वाटतं ते नवख्याच्या शरीराला जीव मुठीत घेऊन पळण्याइतकं असू शकतं. दोघं एकाच वेगाने शेजारी शेजारी चाललेले असतात. एकाला वारा लागत असतो आणि दुसऱ्याला धाप. ज्याला धाप लागते त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. कमी काहीच नसतं. वेग चुकलेला असतो. म्हणूनच घड्याळापेक्षा बोलून पाहण्याची जुनी कसोटी मला जास्त विश्वासाची वाटते: बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, तो मध्यम दम. सुरुवातीचे काही महिने तेवढ्यातच राहावं.

त्याऐवजी होतं काय? जिमच्या पहिल्याच दिवशी नवख्याला पिळून काढतात. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही, मांड्या धरलेल्या, खुर्चीत बसताना हातांचा आधार, आणि हीच जणू चांगल्या व्यायामाची खूण म्हणून कौतुकाने सांगितली जाते. मग नव्याचे नऊ दिवस सरतात. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी जिमच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की महिन्याची वर्गणी भरलेली माणसं महिन्यातून सरासरी पाचदाही फिरकत नव्हती. जेवढ्या वेळा गेले तेवढ्याच वेळचे पैसे त्यांनी दिले असते तर स्वस्तात पडलं असतं. वर्गणी भरताना प्रत्येकाला वाटत होतं, आपण नक्की येणार. इच्छा होती. परत यावंसं वाटेल असं तिथे काही घडलं नव्हतं.

परत यावंसं वाटणं कशावर ठरतं? मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावलं. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या जादा वेळात पाण्याचा गारवा हळूहळू एखाद्या अंशाने कमी केला. यातलं कोणतं पुन्हा करायला आवडेल, असं विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबलेला त्रास निवडला. कारण तो कमी त्रासावर संपला होता. मन एकूण बेरीज करत नाही, शेवट लक्षात ठेवतं. २०१६ मध्ये एक्केकाकिस यांच्याच गटाने सायकलवर हे करून पाहिलं. एका गटाने सोप्याकडून अवघडाकडे जायचं, दुसऱ्याने अवघडाकडून सोप्याकडे. मेहनत सारखीच. ज्यांचा शेवट सोपा झाला त्यांना आठवड्यानंतरही तो व्यायाम जास्त सुखाचा आठवत होता. आता आपल्याकडच्या ‘शेवटचे दहा, जीव काढून!’ या आरोळीचा विचार करा. जिथे मन फोटो काढतं, नेमक्या त्याच क्षणी आपण माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतो.

वजनाबद्दल बोलणं भाग आहे, कारण व्यायाम आणि वजन यांची गाठ इतकी घट्ट मारलेली आहे की ती सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जास्त खाल्लं, आता जास्त पळा. पळालात, आता खायला हरकत नाही. व्यायाम हा हप्ता आणि जेवण हे कर्ज, असा हा व्यवहार. एक तर त्याने दोन्हींतलं सुख जातं. दुसरं म्हणजे हा हिशेब जमतही नाही. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाद्झा लोकांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालणारी ही माणसं शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने दिवसभरात जवळपास तेवढीच ऊर्जा खर्च करत होती, जेवढी शहरातली बैठी माणसं करतात. जास्त हालचाल झाली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. व्यायामाने वजनात फरक पडतच नाही, असं नाही. वजन पुन्हा वाढू न देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण फक्त काट्याकडे बघून पळणाऱ्याची निराशा ठरलेली असते. दोन महिने राबून काटा हलला नाही की तो म्हणतो, उपयोग नाही. आणि सोडून देतो.

सोडताना तो काय काय टाकून देतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्या दिवशी चालून आल्यावर रक्तदाब काही तास उतरलेला होता. रक्तातली साखर स्नायू जास्त चांगली वापरत होते. रात्री झोप लागत होती. जिना चढताना मध्ये थांबावं लागत नव्हतं. आणि मन? २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ चाचण्यांचा, चौदा हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा आला. चालणं, जॉगिंग, योग, ताकदीचा व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणं कमी होताना दिसली. चालू औषधं सोडावीत असा याचा अर्थ नाही; पण डॉक्टरांनी ‘वजन कमी करा, व्यायाम करा’ हे एका दमात म्हणायचं थांबवलं, तरी पुष्कळ होईल. ‘आज चालून या आणि रात्री झोप कशी लागते ते उद्या सांगा’, असं एखाद्या डॉक्टरने म्हटलेलं मला ऐकायचंय.

या हिशेबी नात्याचं दुसरं टोक जास्त भीतीदायक आहे, कारण त्याची तारीफ होते. ताप असताना पळणारी, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टा बांधून उड्या मारणारी, एक दिवस चुकला तर दिवसभर अपराधी वाटून जेवण टाळणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. बाहेरून सगळे म्हणतात, काय जिद्द! खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात, पाळी थांबते, प्रतिकारशक्ती घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन खेळाडू आणि प्रशिक्षकांना सावध केलं. तिथवर गेलेल्या माणसाला आणखी प्रोत्साहनाची गरज नसते. ‘आज नाही केलंस तरी चालेल’ हे वाक्य त्याला कोणीतरी म्हणायला हवं असतं, आणि ते त्याला खरं वाटायला हवं असतं.

आकड्यांशी माझं भांडण नाही. पण दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कोणत्या संशोधनातून आला, असं विचाराल तर तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. त्या यंत्राच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवसाला सुमारे ४४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदरही २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि साधारण साडेसात हजारांनंतर फायदा आणखी वाढत गेला नाही. विचार करा, रोज सहा हजार पावलं आनंदाने चालणारी किती माणसं रात्री झोपताना स्वतःला नापास ठरवत असतील.

अडतिसाव्या वर्षी एका मैत्रिणीने मला जवळजवळ ओढतच तलावावर नेलं. पोहायला शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. मी पाण्यात उतरल्या उतरल्या हातपाय मारायला लागले, तशी त्यांनी खांद्यावर हात ठेवला. ‘अगं, घाई कसली? आधी श्वास सोडायला शीक.’ पहिला आठवडा आम्ही दुसरं काहीच केलं नाही. काठ धरायचा, तोंड पाण्यात घालायचं, आणि श्वास हळूहळू सोडायचा. नाकातून निघालेले बुडबुडे गालांवरून घासत वर जायचे, त्याच्या गुदगुल्या व्हायच्या. आधी दोन सेकंदांत घाबरून मी डोकं वर काढायचे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पाण्याखाली एक शांतता आहे आणि ती मला हवीशी वाटतेय. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पाठीखाली एक तळवा धरला आणि कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. मी तरंगत होते. कानात पाणी, वर आभाळ, आणि माझं सगळं वजन, ज्याची मला आयुष्यभर लाज वाटत आली होती, ते पाण्याने बिनतक्रार उचललेलं.

बाईंनी मला किती फेऱ्या झाल्या, असं कधी विचारलं नाही. तासाची शेवटची पाच मिनिटं नुसतं उताणं तरंगायचं, हा त्यांचा नियम. कोणी आणखी पोहायचं म्हणालं तर म्हणायच्या, ‘थकायच्या आत बाहेर ये. म्हणजे उद्या यावंसं वाटेल.’ काहनेमन यांचा प्रयोग त्यांनी वाचला असण्याची शक्यता कमी. चाळीस वर्षं माणसं पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना बघून त्यांना ते कळलं होतं. मी आज सात वर्षं पोहतेय.

यावर नेहमीचा आक्षेप असा: शिस्त नको का? मनाला येईल तेव्हाच करायचं म्हटलं तर कोणी उठणारच नाही. आक्षेप खरा आहे. थंडीच्या सकाळी मलाही पांघरूण सोडवत नाही. पण शिस्त लागते ती दारापर्यंत. दाराबाहेर जे वाट बघतंय ते ओळखीचं आणि सुखाचं असेल तर तेवढी शिस्त माणसात असते. रोज उठून छळाकडे जायला लागणारी शिस्त फार थोड्यांकडे असते, आणि त्या थोड्यांना आदर्श ठरवून बाकीच्यांना लाजवण्यात काही हाती लागत नाही. दुसरंही कबूल करते: काही गोष्टी आवडल्या नाहीत तरी कराव्याच लागतात. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम, उतारवयात तोल आणि ताकद टिकवण्याचे व्यायाम. तिथेही एखादं माणूस सोबत बसलं, कालच्यापेक्षा आज पाय किती वर गेला हे त्याने पाहिलं, तर जमतं. एकटीने भिंतीकडे बघत मोजलेले वीस फार दिवस टिकत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. दिवसभर उभं राहून, ओझी उचलून, घरी येऊन पुन्हा घरकाम करणाऱ्या बाईला ‘आनंदाने हालचाल कर’ हे कोणत्या हक्काने सांगायचं? नुसतं सांगायचा हक्क आपल्याला नाहीच. तिच्या दिवसात रिकामा तास आणि तिच्या रस्त्यावर निर्धास्त चालायची जागा असल्याशिवाय आवडीच्या सगळ्या गप्पा फोल आहेत. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोठे रस्ते मोटारींना बंद करतात. आज ते शंभर किलोमीटरहून जास्त आहेत. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लोक तिथे चालतात, सायकली फिरवतात, मुलं स्केटिंग करतात. कोणी त्यांना व्यायाम करा म्हणून सांगितलेलं नसतं. रस्ता मोकळा असतो, म्हणून ते येतात. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण पळायला जमले. त्यातून उभी राहिलेली ‘पार्करन’ आज वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला भरते. पाच किलोमीटर, मोफत, पळा किंवा चाला. सर्वांत शेवटी चालणारा माणूस तिथे नेमून दिलेला स्वयंसेवक असतो, म्हणजे आलेल्यांपैकी कोणीच शेवटचं ठरत नाही. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या संकेतस्थळावरून वेगाचे विक्रमही काढून टाकले. बरीच टीका झाली. मला तो निर्णय पटला.

शाळांसाठी तर एक नियम आजच्या आज होऊ शकतो, त्याला पैसा लागत नाही: शिक्षा म्हणून कोणत्याही मुलाला पळवायचं नाही, उठाबशा काढायला लावायच्या नाहीत. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ही भूमिका केव्हाच जाहीर केली आहे. वाचन आवडावं म्हणून झटणारी कोणती शाळा मुलांना शिक्षा म्हणून गोष्टीचं पुस्तक वाचायला लावेल? आणि खेळाच्या तासाचे गुण द्यायचेच असतील तर घंटा झाल्यावरही किती मुलं मैदानावर रेंगाळतात, ते बघून शिक्षकांना द्यावेत.

माझी भाची या वर्षी सहावीत गेली. परवा संध्याकाळी आम्ही दोघी बागेत बसलो होतो. मी कुठेतरी बघत असताना तिने माझ्या पाठीवर धप्पकन हात मारला, ‘मावशी, तुझ्यावर राज्य!’ म्हणाली आणि सुटली. मी उठले आणि तिच्यामागे पळाले. झाडाला वळसा घालून, बाकाभोवती, पुन्हा झाडापाशी. थोड्या वेळाने बरगडीखाली ती जुनी कळ आली. मी थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. ती परत आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. ‘थांबूया थोडं?’ म्हणाली. आम्ही गवतावर बसलो. दम परत आल्यावर मी हळूच हात लांब केला आणि तिच्या पाठीवर टेकवला.